अर्जेंटिनाचा अभ्यास सुरू करताना: आधी विचारा, डॉलर कोणता?

अर्जेंटिनाच्या अर्थव्यवस्थेकडे वळणारे मराठी विद्यार्थी आणि नोकरदार साधारणपणे दोन वाटांनी येतात. काहींना खाद्यतेलाच्या आयातीशी संबंधित संस्थेत नोकरी लागलेली असते, कारण भारतात येणाऱ्या सोयातेलाचा मोठा हिस्सा याच देशातून येतो. काहींना पदव्युत्तर प्रबंधासाठी दक्षिण अमेरिकेतला एखादा देश हवा असतो, आणि ब्राझील आवाक्याबाहेरचा व चिली फारच सरळ वाटल्यामुळे ते अर्जेंटिना निवडतात. मी पहिल्या वाटेने आले. क्षेत्रफळ, लोकसंख्या, २३ प्रांत, पंपासची सुपीक मैदाने आणि दक्षिणेकडचा पॅटागोनिया यांतला फरक एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरून पुढचे लिहिते आहे. ते ठाऊक नसेल तर एका संध्याकाळी नकाशा घेऊन बसणे पुरेसे आहे. त्यासाठी कोणाची शिकवणी लावण्याची गरज नाही.

जे एका संध्याकाळी कळत नाही आणि पुष्कळांना वर्षभरानेही कळलेले नसते, ते वेगळेच आहे. या देशातली कोणतीही रक्कम डॉलरमध्ये मांडताना आपण कोणत्या दराने, कोणत्या तारखेच्या आणि कोणाच्या व्यवहारासाठी असलेल्या डॉलरने ती मांडतो आहोत, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचा सगळा अभ्यास वाळूवर उभा राहतो. या सापळ्यात मीही अडकले होते, म्हणून त्यावर कंटाळा येईल इतके लिहिणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावे, पण परत यावे लागेल याची तयारी ठेवावी.

१९९२ च्या सुरुवातीपासून २००२ च्या सुरुवातीपर्यंत कायद्यानेच एक पेसो म्हणजे एक डॉलर होता. त्या काळाचे आकडे वाचणे सोपे आहे. अडचण नंतर सुरू होते. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस डॉलरखरेदीवर सरकारी निर्बंध आले, ज्यांना तिथे ‘सेपो’ म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्ये ते उठले, सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा आले आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी पुन्हा उठले. निर्बंधांच्या वर्षांत मध्यवर्ती बँकेचा अधिकृत दर एक होता, बुएनोस आइरेसमधल्या फ्लोरिडा रस्त्यावर चालणारा ‘ब्लू’, म्हणजे काळ्या बाजाराचा, दर दुसरा, पेसोने रोखे विकत घेऊन तेच डॉलरमध्ये विकल्यावर पडणारा ‘मेप’ दर तिसरा, आणि असेच रोखे विकून डॉलर थेट परदेशातल्या खात्यात नेण्याचा दर चौथा. त्यात सरकार अधूनमधून खास दर काढत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये अधिकृत दर १४० पेसोंच्या आसपास असताना केवळ सोयाबीनच्या निर्यातीसाठी २०० पेसोंचा ‘सोया डॉलर’ जाहीर झाला होता.

याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृत दर ३५० पेसो होता आणि ब्लू दराने १,००० चा आकडा ओलांडला होता. साडेतीन लाख पेसो पगार घेणाऱ्या माणसाचे उत्पन्न एका दराने १,००० डॉलर भरते आणि दुसऱ्या दराने ३५०. आता त्याच महिन्यातला सोयाबीन उत्पादक घ्या. समजा, जहाजावर चढलेल्या मालाला टनाला ५०० डॉलर भाव आहे. सोयाबीनवरचा तेव्हाचा ३३ टक्के निर्यातकर वजा केला की ३३५ डॉलर उरतात. वाहतूक, दलाली आणि त्या काळातल्या विशेष सवलती बाजूला ठेवल्या तर हे ३३५ डॉलर अधिकृत दराने, म्हणजे १,१७,२५० पेसो होऊन, शेतकऱ्याच्या हातात येतात. ट्रॅक्टरचा सुटा भाग घ्यायचा असो वा मुलीच्या शिक्षणासाठी बचत करायची असो, त्या पेसोंचे पुन्हा डॉलर करायला तो बाजारात गेला की त्याला ११७ डॉलर मिळतात. म्हणजे जगाच्या बाजारात ५०० ला विकल्या गेलेल्या मालातून त्याच्या पदरात पाव हिश्श्याहून कमी पडते. निर्यातकर ३३ टक्के आहे असे लिहून पुढे जाणारा अहवाल खोटा नसतो, परंतु शेतकरी माल का विकत नाही हे त्यातून कधीच समजत नाही.

एवढे कळल्यावर नवशिका दुसऱ्या टोकाला जातो आणि सगळेच आकडे ब्लू दराने बदलू लागतो. हेही तितकेच चूक आहे, किंबहुना जास्त घातक आहे, कारण आपल्याला आतली गोष्ट कळली आहे असा एक तोरा त्यात असतो. आयातदाराला परवानगी मिळाली तर त्याचा माल अधिकृत दरानेच येत होता. कामगाराचा पगार पेसोत खर्च होत होता, आणि विजेचे बिल व बसचे भाडे सरकारी अनुदानामुळे इतके कमी होते की त्याच्या राहणीमानाला ब्लू दराने मोजणे म्हणजे त्याला कागदावर उपाशी मारणे होय. म्हणून दर निवडताना ‘खरा दर कोणता’ असे विचारू नये. हा व्यवहार कोणाचा आहे, त्याला डॉलर कोठून मिळतो आणि हा डॉलर तो कोठे देतो, एवढेच विचारावे. प्रत्येक रकमेशेजारी तारीख आणि दराचे नाव अशी दोन रकाने ठेवा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून नसेल तर नंतर लावता येत नाही. जुन्या फाइली उघडताना मला आजही धाकधूक वाटते.

दीर्घ मुदतीचे आलेख तर आणखी फसवे असतात. १३ डिसेंबर २०२३ रोजी अधिकृत दर एका दिवसात सुमारे ३६६ वरून ८०० पेसोंवर नेण्यात आला. डॉलरमध्ये मांडलेल्या तक्त्यात त्या दिवशी सारा देश निम्म्याहून अधिक गरीब झालेला दिसतो. प्रत्यक्षात कारखान्यातली यंत्रे, शेतातले पीक आणि रस्त्यावरचे ट्रक आदल्या दिवशी होते तेवढेच होते. त्यानंतर महागाई धावत गेली आणि दर मात्र मंदगतीने सरकला, तेव्हा तोच देश डॉलरमध्ये अचानक महाग आणि श्रीमंत दिसू लागला. उत्पादनवाढ पाहायची असेल तर राष्ट्रीय सांख्यिकी संस्था ‘इंदेक’ हिची २००४ च्या स्थिर किमतींवरची मालिका घ्या, आणि जिथे शक्य असेल तिथे पैसा सोडून टन, पिंपे व मेगावॉट मोजा. टनाचे अवमूल्यन होत नाही.

इंदेकचे नाव घेतले म्हणून एक इशाराही देणे भाग आहे. जानेवारी २००७ मध्ये सरकारने या संस्थेच्या महागाई निर्देशांकात हस्तक्षेप केला आणि २०१५ च्या अखेरीपर्यंतचे तिचे महागाईचे आकडे अविश्वसनीय ठरले. अधिकृत महागाई दहा टक्क्यांच्या आसपास सांगितली जात असताना खासगी आणि काही प्रांतांचे अंदाज त्याच्या दुपटीहून अधिक होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने याबद्दल अर्जेंटिनाची औपचारिक निर्भर्त्सना केली, जी नोव्हेंबर २०१६ मध्ये मागे घेण्यात आली. त्या वर्षांतले ‘वास्तविक वेतन’ अधिकृत निर्देशांकाने काढलेले कोठे दिसले तर तो परिच्छेद वाचू नका. उलट, २०२३ ची २११.४ टक्के आणि २०२४ ची ११७.८ टक्के ही महागाई पाहून आकडे छापताना चूक झाली असावी असे वाटेल. ती चूक नाही.

इतके वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. हे सगळे एकदा समजले की ते कायमचे समजते, आणि त्याला उच्च गणित लागत नाही, गुणाकार-भागाकार लागतो. लागते ती प्रत्येक वेळी थांबण्याची सवय. ती मोडण्याचे काम बहुधा दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे तयार तक्ता. वरिष्ठाने दिलेला, मागच्या दहा वर्षांचा, रंगीत रकान्यांचा तक्ता हा उपकार वाटतो, परंतु त्यात कोणता दर वापरला हे त्या वरिष्ठालाही बहुधा आठवत नसते. दुसरी म्हणजे ‘हे नंतर कळेल’ असे सांगणारे मार्गदर्शक. माझे मत कठोर वाटेल, पण ज्या मार्गदर्शकाला आपण वापरलेल्या आकड्याचा उगम सांगता येत नाही, त्याच्याकडून चहा घ्यावा, आकडा घेऊ नये. चांगला मार्गदर्शक तक्ता देत नाही. तो एका महिन्याची मूळ कागदपत्रे देतो आणि तक्ता तुम्हाला करायला लावतो. त्या वेळी तो छळवाद वाटतो.

एप्रिल २०२५ नंतर दरांतली तफावत बरीच कमी झाली, त्यामुळे ही सारी चर्चा आता इतिहासजमा झाली असे कोणी तुम्हाला सांगेल. २०१५ च्या अखेरीसही हेच सांगितले जात होते. शिवाय तुमची मालिका २०११ ते २०२५ या काळाला स्पर्श करीत असेल, आणि ती करणारच, तर हा इतिहास तिच्या प्रत्येक ओळीत बसलेला आहे.

पिकाचा आणि या दरांचा संबंध शेतात डोळ्यांना दिसतो. पंपासच्या शिवारांत साठ मीटरच्या आसपास लांबीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आडव्या पडलेल्या असतात. त्यांना ‘सिलोबोल्सा’ म्हणतात आणि एकेका पिशवीत साधारण दोनशे टन धान्य मावते. गोदामाचे भाडे वाचते हे त्यांचे एक कारण झाले. मोठे कारण हे की पेसो सडतो आणि सोयाबीन सडत नाही. आपल्याकडे घरात सोने ठेवावे तसे तिथला शेतकरी पिशवीत सोयाबीन ठेवतो आणि अवमूल्यनाची किंवा करकपातीची चाहूल लागेपर्यंत तो ती उघडत नाही. त्यामुळे लातूरच्या बाजारात ऑक्टोबरमध्ये आवक वाढते तशी तिथे एप्रिल-मेमध्ये काढणी झाली की आवक वाढेल, असे गृहीत धरून तेलाच्या पुरवठ्याचा अंदाज बांधणारे हटकून चुकतात. पीक किती आले हा एक प्रश्न आहे आणि ते बाजारात किती येईल हा निराळा.

अर्थात पीकच आले नाही तर पिशवीही रिकामी राहते. तिथे दुष्काळ आणणाऱ्या ला निना या हवामानस्थितीच्या सलग तिसऱ्या हंगामात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, सोयाबीनचे उत्पादन आदल्या वर्षीच्या चार कोटी टनांहून अधिक पातळीवरून जेमतेम दोन कोटी टनांच्या आसपास घसरले. सोयापेंड आणि सोयातेल यांच्या निर्यातीत जगात पहिला असणाऱ्या या देशाला आपले गाळप कारखाने चालू ठेवण्यासाठी पॅराग्वे आणि ब्राझीलमधून बी आणावे लागले.

हे कारखाने आणि त्यांचे धक्के कोठे आहेत हे मात्र नकाशावर बोट ठेवून पाठ करा, कारण साऱ्या पायाभूत सुविधांचे कोडे तिथे सुटते. रोसारिओ शहराच्या वर आणि खाली पराना नदीच्या उजव्या काठावर, तिम्बुएसपासून आर्रोयो सेकोपर्यंत, साधारण ७० किलोमीटरच्या पट्ट्यात गाळप कारखाने आणि खासगी बंदरे ओळीने उभी आहेत. देशाच्या धान्य, पेंड आणि तेलाच्या निर्यातीचा बहुतांश भाग याच पट्ट्यातून जातो. हे समुद्रावरचे बंदर नाही, नदीतले आहे. समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. नदीच्या पात्रातला गाळ काढून ३४ फूट खोली राखली जाते, आणि त्या खोलीत मोठे जहाज पूर्ण भरता येत नाही. ते अर्धेअधिक भरून निघते आणि उरलेला माल घ्यायला अटलांटिकच्या काठावरच्या बाहिया ब्लांका किंवा नेकोचेआजवळच्या केकेन बंदरात थांबते. २०२१ मध्ये दक्षिण ब्राझीलमध्ये पाऊस न झाल्याने परानाची पातळी सुमारे पाऊण शतकातल्या नीचांकावर गेली, तेव्हा पाण्याच्या प्रत्येक घटलेल्या फुटामागे जहाजाला दोन हजार टनांच्या आसपास माल कमी घ्यावा लागत होता. मुंबईत बसून तेलाच्या जहाजाची वाट पाहणाऱ्याने ब्राझीलच्या पावसाचा नकाशा का उघडावा, याचे उत्तर इथे आहे.

या पट्ट्यापर्यंत धान्य येते ते मुख्यत्वे ट्रकने. रेल्वे नाही असे नव्हे. एके काळी ती दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी होती. ब्रिटिश भांडवलाने घातलेले, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेले आणि १९९० च्या दशकात तुकड्यांनी खासगी कंपन्यांकडे गेलेले हे जाळे पंख्याच्या काड्यांप्रमाणे बुएनोस आइरेसकडे धावते, आणि त्यात तीन वेगवेगळी रुळांतरे आहेत. पंपासमधले मुख्य मार्ग १,६७६ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजइतकेच. ईशान्येकडचे १,४३५ मिलिमीटरचे, आणि वायव्येकडे जाणारी बेलग्रानो रेल्वे मीटरगेज. साल्ता प्रांतातला शेतकरी रोसारिओपासून हजारहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि नेमक्या त्याच्याच वाट्याला सर्वांत दुर्लक्षित रूळ आले आहेत. चिनी कर्जातून बेलग्रानोच्या मार्गांचे नूतनीकरण झाले आहे आणि त्याने फरकही पडला आहे, तरी काढणीच्या दिवसांत रोसारिओभोवती लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा हाच वाहतुकीचा खरा निर्देशांक राहिला आहे. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर साल्ताचा वाहतूकखर्च घ्या. त्यावर मराठीत काहीही नाही आणि आकडेवारी उपलब्ध आहे.

पश्चिमेचा अँडीज ओलांडण्याबद्दल थोडक्यात एवढेच की मेंदोसाहून चिलीकडे जाणारी क्रिस्तो रेदेन्तोर खिंड हिवाळ्यात बर्फामुळे अनेकदा बंद पडते, तेव्हा ‘दोन महासागरांना जोडणारा मार्ग’ असे शब्द दिसले की जुलै महिना डोळ्यांसमोर आणावा. तिएर्रा देल फुएगो बेटावर, जिथे १९७२ च्या एका कायद्यातील करसवलतींमुळे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल फोन जोडले जातात, तिथे देशाच्या मुख्य भूमीवरून रस्त्याने जायचे तर चिलीतून जावे लागते. यावर वेगळे भाष्य नको.

ऊर्जेचा विषय सध्या सर्वांत झपाट्याने बदलतो आहे. नेउकेन प्रांत आणि आसपासच्या भागातल्या वाका मुएर्ता या शेल खडकाच्या थरात वायू आणि तेल मुबलक आहे हे बरीच वर्षे माहीत होते. वायू बुएनोस आइरेसपर्यंत न्यायला पुरेशी वाहिनी नव्हती. म्हणून जमिनीखाली एवढा साठा असलेला देश हिवाळ्यात द्रवरूप वायूची जहाजे विकत घेत असे. ९ जुलै २०२३ रोजी त्रातायेन ते सालिकेलो या ५७३ किलोमीटरच्या वाहिनीचे उद्घाटन झाले, पुढे बोलिव्हियाचा वायू आणणारी उत्तरेकडची वाहिनी उलट दिशेने चालवण्याची व्यवस्था झाली, आणि २०२४ मध्ये ऊर्जेच्या व्यापारात देशाकडे अनेक अब्ज डॉलरची शिल्लक राहिली. साठ्याचे आकडे पाठ करण्यात वेळ घालवू नका. वाहिनीची लांबी, व्यास आणि तारीख पाहा. साठा भूगर्भशास्त्राचा विषय आहे, पैसा वाहिनीतून येतो.

लिथियमसाठी आलेल्यांना एक सूचना आहे. १९९४ च्या घटनादुरुस्तीतल्या १२४ व्या कलमानुसार नैसर्गिक संसाधनांची मूळ मालकी प्रांतांकडे आहे. भारत सरकारच्या ‘काबिल’ कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये लिथियम असलेल्या पाच खारट क्षेत्रांसाठी जो करार केला, तो कातामार्का प्रांताच्या कंपनीशी केला. म्हणून हुहुय, साल्ता आणि कातामार्का या तीन प्रांतांचे नियम वेगवेगळे वाचावे लागतात. याउलट निर्यातकराचा पैसा संघराज्याच्या तिजोरीत जातो आणि इतर करांप्रमाणे प्रांतांत वाटला जात नाही. सांता फे आणि कोर्दोबा या सोयाबीन पिकवणाऱ्या प्रांतांची केंद्राशी असलेली जुनी तेढ यातून समजते. २००८ मध्ये सोयाबीनवर भावाबरोबर वाढणारा सरकता कर लावण्याचा प्रस्ताव शेतकऱ्यांच्या चार महिन्यांच्या आंदोलनानंतर सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्याच विरोधी मताने पडला, तेही याच संदर्भात वाचावे.

स्पॅनिशबद्दल पुष्कळजण विचारतात. बोलता आली नाही तरी चालेल, वाचता आलीच पाहिजे. इंग्रजी अनुवादांवर विसंबून हा अभ्यास होत नाही. सुरुवातीला रोसारिओच्या व्यापार मंडळाचा आणि बुएनोस आइरेसच्या धान्य मंडळाचा साप्ताहिक अहवाल घ्या आणि शब्दकोश शेजारी ठेवून नेटाने वाचा. त्यांची शब्दसंपत्ती मर्यादित असते, आठवड्यामागून आठवडा तेच शब्द येतात, आणि हेक्टरी उतारा क्विंटलमध्ये दिलेला असल्यामुळे तो भाग तर आपल्याला घरचाच वाटतो. फक्त तिथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात हे विसरू नका.

सरावासाठी मी नवख्यांना सप्टेंबर २०२५ चा एक आठवडा देते. २२ सप्टेंबरला सरकारने धान्य आणि त्याच्या उत्पादनांवरचा निर्यातकर शून्यावर आणला. ३१ ऑक्टोबरपर्यंत किंवा सात अब्ज डॉलरच्या निर्यातीची नोंद होईपर्यंत ही सवलत होती. ती मर्यादा तीन दिवसांत भरली. त्या तीन दिवसांत शेतात एक दाणाही नवा पिकला नव्हता. निर्यातदारांनी परदेशी विक्रीच्या ज्या शपथपत्री नोंदी केल्या त्या दिवसवार उपलब्ध आहेत. त्यांतले बी, पेंड आणि तेल वेगळे करा, त्या आठवड्यातला देशांतर्गत भाव शेजारी लिहा, आणि वाचलेला कर शेतकऱ्याकडे किती गेला व निर्यातदाराकडे किती राहिला हे काढून पाहा. प्रत्येक ओळीत दराचे नाव आणि तारीख लिहिलेली असू द्या.